जेलच्या गेटपासून पहिल्या हप्त्यापर्यंत: तेरा महिने

आमची संस्था छोटी आहे. सात विश्वस्त, अनुदान येईपर्यंत पगारी माणूस एकही नव्हता आणि काम एकच: जेलमधून सुटून आलेल्या माणसाचा पहिला महिना निभावून नेणं. २०१७ पासून सोलापुरात हे करतोय. पैसे आपापसांत काढायचे, प्रत्येकी महिना पाचशे, शिवाय कुणी वाढदिवसाला किंवा वर्षश्राद्धाला दिले तर तेवढे. २०२५ मध्ये पहिल्यांदा आम्हाला एका फाउंडेशनचं अनुदान मिळालं. १२ जून २०२४ ला सुरुवात केली आणि १४ जुलै २०२५ ला पहिला हप्ता खात्यात आला. मधल्या तेरा महिन्यांत कुठे काय लागतं हे सांगणारं आम्हाला कुणी भेटलं नाही, म्हणून तारखांसकट लिहून ठेवते आहे.

मी यात का आहे तेही सांगते. माझा धाकटा भाऊ चौदा महिने कच्चा कैदी होता. पुढे निर्दोष सुटला. ज्या संध्याकाळी तो जामिनावर बाहेर आला, तेव्हा मी गेटसमोर, रस्त्याच्या पलीकडे उभी होते. तो आला, हातात एक कॅरीबॅग, त्यात शर्ट आणि कोर्टाचे कागद. मी हात केला, तरी तो रस्ता ओलांडेना. मग मागे वळून त्याने गेटवरच्या शिपायाला विचारलं, "जाऊ?" त्यानंतरच्या वर्षांत याच गेटवर हा प्रश्न मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकला आहे.

तर जून २०२४. आमचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक आहेत, आम्ही त्यांना गुरुजी म्हणतो. त्यांच्या एका विद्यार्थ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की एक कंपनी सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांना समाजकार्यावर खर्च कराव्या लागणाऱ्या पैशातून, लहान संस्थांकडून प्रस्ताव मागवते आहे, शेवटची तारीख ३१ जुलै. दीड महिना हातात होता, आम्हाला वाटलं भरपूर झाला. फॉर्म उघडला तर पहिल्याच पानावर मागितलं होतं: १२ ए आणि ८० जी (आयकर खात्याच्या नोंदण्या, पहिली संस्थेला करसूट देणारी, दुसरी देणगीदाराला), सीएसआर-१ नोंदणी क्रमांक, दर्पण क्रमांक (केंद्र सरकारच्या संस्थांसाठीच्या पोर्टलचा), परिशिष्ट एकचा अद्ययावत उतारा (धर्मादाय कार्यालयातली संस्थेची नोंद, विश्वस्तांच्या नावांसकट), तीन वर्षांचे ऑडिट. यातलं आमच्याकडे ऑडिट होतं आणि जुना उतारा होता. बाकी काही नाही.

२० जूनला मी आणि गुरुजी सीए ताईंकडे गेलो. टिळक चौकात त्यांचं ऑफिस आहे. त्यांनी एका कागदावर चार चौकोन काढून सगळं समजावलं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मुळे ज्या कंपनीचं नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी असेल, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. कंपनी हे पैसे संस्थेमार्फत खर्च करणार असेल तर त्या संस्थेकडे सीएसआर-१ चा क्रमांक लागतो, १ एप्रिल २०२१ पासून तो सक्तीचा आहे. तो मिळायला १२ ए आणि ८० जी लागतात. ते मिळवायला संस्थेचे कागद सरळ लागतात. म्हणजे जिना खालून चढायचा आणि आमची सगळ्यात खालची पायरीच तुटलेली होती.

झालं असं होतं, की आमचे एक विश्वस्त २०२१ मध्ये कोविडमध्ये गेले. त्यांच्या जागी आम्ही एका बाईंना घेतलं, सगळे त्यांना मावशी म्हणतात. सभा झाली, ठराव झाला, इतिवृत्तात लिहिलं गेलं. पण धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद, दाखल करायचा राहून गेला. तो बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असतो. आमची तीन वर्षं उलटून गेली होती. चूक पूर्णपणे आमची, आणि ती मी सचिव म्हणून माझी. उताऱ्यावर अजून गेलेल्या माणसाचं नाव होतं. तुमची संस्था असेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी परिशिष्ट एकचा ताजा उतारा काढून त्यावरची नावं बघा.

११ जुलैला वकिलांमार्फत चेंज रिपोर्ट दाखल केला, सोबत उशीर माफ करण्याचा अर्ज. लागलेले कागद: सभेची नोटीस, नोटीस पोचल्याच्या सगळ्यांच्या सह्या, हजेरी, ठरावाची प्रत, मृत्यूचा दाखला, मावशींचं संमतीपत्र आणि प्रतिज्ञापत्र. नोटीस पोचल्याच्या सह्यांचा कागद आमच्याकडे होता तो केवळ गुरुजींमुळे. ते शाळेत होते तेव्हापासूनची त्यांची सवय, सहीशिवाय कागद हलवायचा नाही. वकिलांची फी सहा हजार.

१८ जुलैला सीए ताईंनी आयकराच्या पोर्टलवर १२ ए आणि ८० जी साठी दोन वेगळे १० एबी अर्ज भरले. आमचं काम आधीपासून सुरू होतं, म्हणून तात्पुरत्या नोंदणीचा मार्ग आम्हाला लागू नव्हता, थेट नियमित नोंदणी मागावी लागली. सरकारी फी नाही, ताईंची फी दोन्ही मिळून आठ हजार. त्यांनी सांगितलं, तेव्हाच्या नियमाप्रमाणे अर्ज ज्या महिन्यात केला तो संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत आदेश यायला हवा, म्हणजे जानेवारी अखेर धरून चला. दर्पणची नोंदणी मात्र मीच घरी बसून केली. तिला तीन पदाधिकाऱ्यांचे पॅन आणि आधार लागतात. माझं नाव पॅनवर लग्नाआधीचं आणि आधारवर नंतरचं, त्यात आठ दिवस गेले.

३१ जुलै आली आणि गेली. तो प्रस्ताव आम्ही भरूच शकलो नाही. त्या रात्री मला फार वाईट वाटलं. त्याच आठवड्यात एक जण सुटला होता आणि त्याला गावाकडे पाठवायला आमच्या पेटीत चारशे चाळीस रुपये होते.

ऑगस्ट, सप्टेंबर नुसते वाट पाहण्यात गेले. ९ ऑक्टोबरला आयकराकडून ऑनलाइन नोटीस आली. नोटीस हा शब्द ऐकून आमच्यातल्या दोघांना रात्रभर झोप लागली नाही. पण ती नेहमीची चौकशी होती, बहुतेक सगळ्यांना येते. पंधरा दिवसांत देणगीदारांची यादी, खर्चाची बिलं, कामाचं टिपण, फोटो आणि मदत मिळालेल्यांची यादी द्यायची होती.

इथे आमचा खरा प्रश्न सुरू झाला, आणि हे सगळं लिहायचं मुख्य कारणही तेच आहे.

१३ ऑक्टोबरच्या रविवारी गुरुजींच्या घरी बैठक बसली. मी सात वर्षांची वही घेऊन गेले होते. तिच्यात सुटलेल्या प्रत्येकाचं नाव, गाव, कलम, तारीख होती. म्हटलं, यावरून यादी टाईप करते. मावशी इतका वेळ गप्प बसून होत्या. त्या विडी वळतात, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये जन्मलेल्या. त्यांनी वही हातात घेतली, उघडली नाही, आणि म्हणाल्या, "आमच्या आज्याचं नाव असंच वहीत होतं. रोज हजेरी लागायची. पोराचं नाव पण जन्मल्याबरोबर त्यातच. परत वहीच काढायलाव काय तुम्ही?"

कुणाला उत्तर सुचलं नाही. सोलापुरात वाढलेल्याला ती हजेरी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, आपल्या शहरात त्यांना सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणात ठेवलं. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. मावशींच्या घरात ती वही अजून आठवणीत आहे. आणि आम्ही चांगल्या कामासाठी का होईना, तसलीच यादी करून दहा जणांच्या टेबलांवर फिरवणार होतो.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. बाहेर जाणाऱ्या कुठल्याही कागदावर नाव, फोटो, आधार, गाव, कलम जाणार नाही. प्रत्येकाला क्रमांक, सो-०१ पासून पुढे. नाव आणि क्रमांक जोडणारी वही एकच, गुरुजींच्या लोखंडी कपाटात, किल्ली दोघांकडे. ज्याला तपासायचं असेल त्याने सोलापुरात यावं, बसून वही पाहावी, व्हाऊचरशी ताडावी, पण प्रत मिळणार नाही. वकील म्हणाले, असं केलंत तर पैसे मिळणार नाहीत. मावशी म्हणाल्या, "मग नको."

नोटिशीचं उत्तर २२ ऑक्टोबरला पाठवलं. यादीत क्रमांक, महिना, मदतीचा प्रकार, रक्कम. सोबत गुरुजींनी मराठीत लिहिलेलं आणि ताईंनी इंग्रजीत केलेलं एक पानी पत्र: नावं का दिलेली नाहीत, आणि मूळ नोंदी केव्हाही कार्यालयात पाहायला मिळतील. फोटो दिले ते वस्तूंचे. चपलांचे जोड, एसटीची तिकिटं, खानावळीचं कार्ड, आमचं गेटसमोरचं बाकडं. उत्तर स्वीकारलं गेलं. २६ नोव्हेंबरला चेंज रिपोर्ट मंजूर झाला, २७ डिसेंबरला १२ ए चा आदेश आला आणि २४ जानेवारीला ८० जी चा. गड्ड्याची यात्रा तेव्हा भरात होती. मी आदेशाची प्रिंट घेऊन होम मैदानावरूनच घरी आले.

३ फेब्रुवारीला सीएसआर-१ भरला. त्याला डिजिटल सही लागते (मला अठराशे रुपये पडले) आणि सीएचं प्रमाणपत्र. फॉर्मला फी नाही, क्रमांक लगेच ई-मेलवर येतो. सहा महिने ज्याची भीती होती ते वीस मिनिटांत संपलं.

इथपर्यंतचा खर्च मांडते, कारण हा आधी कुणी सांगत नाही. सीए आठ हजार, वकील सहा हजार, डिजिटल सही अठराशे, प्रतिज्ञापत्रं आणि नोटरी अकराशे पन्नास, झेरॉक्स-प्रिंट साडेतेराशे. पुढे पुण्याच्या खेपांचे चोवीसशे धरून एकूण २०,७०० रुपये. हे अनुदानातून परत मिळत नाहीत, मंजुरीच्या आधीचा खर्च कुणी देत नाही. आम्ही तो सात जणांत वाटून घेतला. मावशींचा वाटा घ्यायला आम्ही नको म्हणत होतो, पण त्यांनी दोन हप्त्यांत दिलाच.

आता प्रस्ताव. पुण्याचं एक फाउंडेशन सीएसआरचे पैसे लहान संस्थांना देतं हे वकिलांच्या ओळखीतून कळलं होतं. १० फेब्रुवारी २०२५ ला दोन पानी टिपण पाठवलं. ते मी आधी मराठीत लिहिलं, मग शेजारच्या कॉलेजातल्या मुलीने इंग्रजी केलं. थेट इंग्रजीत लिहायला बसले होते तेव्हा सगळी वाक्यं कुठल्यातरी दुसऱ्या संस्थेची वाटत होती. मराठीतून आल्यावर त्यात गेट आलं, एसटी स्टँड आलं, पहिली रात्र आली.

४ मार्चला त्यांचा फोन आला. बोलणाऱ्या ताई तरुण होत्या, नीट ऐकत होत्या. त्यांचे दोन प्रश्न असे होते की तयारी नसती तर आम्ही अडलो असतो. पहिला: हे काम कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये कुठे बसतं? त्या अनुसूचीत सीएसआरचे पैसे कशावर खर्च करता येतात त्याची यादी आहे, आणि सुटलेले बंदी असा शब्द तिच्यात नाही. आम्ही उपजीविका आणि रोजगारासाठीची कौशल्यं, गरिबी निर्मूलन, या कलमांखाली मांडलं होतं. ते चाललं. दुसरा: सरकारच्या योजना असताना तुम्ही कशाला? गरीब बंद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे, तिच्यात तेव्हा कच्च्या कैद्याला जामिनासाठी ४०,००० पर्यंत आणि शिक्षा झालेल्याला दंड भरायला २५,००० पर्यंत मिळत होते. वकिलाचं म्हणाल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं. आम्ही सांगितलं, म्हणूनच जामिनाचे पैसे आम्ही मागितलेलेच नाहीत. त्या योजनेने माणूस गेटबाहेर येतो. संध्याकाळी सात वाजता गेटबाहेर उभ्या माणसाचं पुढे काय, तेवढंच आम्ही करतो. सरकार जे देतं ते प्रस्तावात मागू नका, आणि ते तुम्हाला माहीत आहे हे लिहून दाखवा.

त्यांच्या टिपणात आमच्या लोकांना "पूर्व गुन्हेगार" म्हटलं होतं. मी फोनवर सांगितलं की हा शब्द बदलावा लागेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या तुरुंग अहवालात देशभरात ५,७३,२२० बंदी होते, त्यातले ४,३४,३०२ कच्चे, म्हणजे चारातले तीन. ज्याचा खटलाच संपलेला नाही तो गुन्हेगार कसा? माझ्या भावाला हा शब्द कुणी लावला असता तर मी काय केलं असतं, ते मी बोलले नाही. त्यांनी तिथल्या तिथे "सुटून आलेल्या व्यक्ती" असं करून घेतलं.

२१ मार्चला पूर्ण प्रस्ताव गेला. आम्ही मागितले ९,८४,०००. अंदाजपत्रकावर सगळ्यात जास्त रात्री गेल्या. एक ओळ नमुन्यादाखल देते, "पहिला आठवडा", माणशी २,५००: चप्पल दोनशे, सिम आणि रिचार्ज तीनशे, एसटी किंवा रेल्वे साडेतीनशे, सात दिवसांची खानावळ नऊशे, आधार आणि कोर्टाच्या नकला अडीचशे, आणि हातात रोख पाचशे. रोख पाचशेवर प्रश्न येणार हे माहीत होतं. आम्ही लिहिलं, की खिशात स्वतःचे पैसे असलेला माणूस ओळखीच्याकडे उधार मागायला जात नाही, आणि त्या ओळखींपासूनच त्याला पहिला महिनाभर लांब ठेवायचं असतं. ती ओळ तशीच मंजूर झाली. गोल आकडे टाकले असते तर ती कापली गेली असती असं मला वाटतं. आमचं बळ त्या सुट्या रकमांत होतं, कारण त्या आम्ही सात वर्षं खिशातून दिलेल्या होत्या.

१६ आणि १७ एप्रिलला फाउंडेशनच्या त्या ताई आणि त्यांचे एक सहकारी भेटीला आले. उन्हाचा कहर. पहिल्या दिवशी कपाट उघडून वही दाखवली. त्यांनी बारा क्रमांक आपल्या मनाने निवडले, वहीतलं नाव, व्हाऊचर आणि तिकीट जुळवून पाहिलं. तीन व्हाऊचरना तिकीट नव्हतं. आम्ही तसं कबूल केलं. एसटीचं तिकीट सुटणाऱ्या माणसाबरोबर जातं, परत कसं येणार? तेव्हापासून बस सुटायच्या आधी मोबाईलवर तिकिटाचा फोटो काढून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी त्यांना "लाभार्थी" भेटायला हवे होते. हा शब्दही मला खटकतो, पण त्यावर मी भांडले नाही. आमच्या वीस-बावीस जणांना विचारलं होतं, दोघे तयार झाले. एक जण अशोक चौकाकडच्या एका कारखान्यात टॉवेलच्या मागावर आहे. मालकाला माहीत आहे, शेजारच्या मागावरच्यांना नाही. तो मला आधीच म्हणाला होता, "ताई, बोलतो. पण नाव नको आन् फोटो नको. पोरगी तिसरीत हाय, तिच्या शाळेत कुणाला ठाऊक नाही." त्याला भेटायला कारखान्यावर गेलो असतो तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं असतं. म्हणून तो दुपारच्या सुट्टीत गुरुजींच्या घरी आला. हातांना सुताची तूस चिकटलेली. खुर्चीवर बसेना, मग आम्ही सगळेच सतरंजीवर बसलो.

ताईंनी कॅमेरा पिशवीतून बाहेर काढलाच नाही. त्यांनी विचारलं, सुटल्यावर सगळ्यात जास्त काय उपयोगी पडलं? मला वाटलं तो कामाचं सांगेल, मागाचं. तो म्हणाला, "ह्यांनी मला सही करायला पेन दिला." मग त्याने सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी पैसे देताना आमच्याकडून शाईची डबी पुढे झाली होती, अंगठ्यासाठी. त्याने हात मागे घेतला. आत प्रत्येक वेळी अंगठाच घेतलेला. गुरुजींनी डबी बंद करून पेन पुढे केला आणि त्याने हळूहळू, अर्धा मिनिट लावून, आपलं नाव काढलं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, नाव लिहिता येत होतं. कुणी लिहू दिलं नव्हतं. मला तो प्रसंग आठवतही नव्हता. त्या संध्याकाळी मी वही काढून पाहिली, सही आहे, शेवटचं अक्षर ओळीच्या खाली उतरलेलं.

आमच्याकडे आता शाईची डबीच नाही. ज्याला लिहिता येत नाही, त्याच्या नावापुढे दोन साक्षीदार सही करतात.

१४ मे ला पुण्यात त्यांच्या समितीसमोर मांडायचं होतं. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने गुरुजी, मावशी आणि मी निघालो. मावशी पहिल्यांदाच पुण्याला निघालेल्या. गाडीला हे नाव का, असं त्यांनी विचारलं, आणि गुरुजींनी जेऊरपर्यंत चौघांची गोष्ट सांगितली: मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, १९३० चा मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. मावशी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांच्या घरची माणसं पण गेटवर उभी असतील."

समितीत पाच जण होते, वीस मिनिटं दिली होती. एकाने सरळ विचारलं, नावं नाहीत तर आकडे खरे कशावरून? याचं उत्तर आमच्याआधी भेटीला आलेल्या ताईंनीच दिलं, बारा क्रमांक स्वतः ताडून पाहिल्याचं सांगितलं आणि तीन तिकिटं नव्हती हेही सांगितलं. मला वाटतं आमचं काम त्या तीन तिकिटांच्या कबुलीने झालं. दुसऱ्याने विचारलं, पगारी माणूस कशाला, इतकी वर्षं स्वयंसेवकांवर चाललंय ना? मी म्हटलं, सुटका कधीही होते, आणि आम्ही सगळे नोकरी-शिकवणीतून सुटल्यावर गेटवर पोचतो. तोवर माणूस निघून गेलेला असतो. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रयास प्रकल्पात १९९० पासून प्रशिक्षित, पगारी समाजकार्यकर्ते हेच काम करतात. आम्हालाही एक तरी असा माणूस हवा.

१९ जूनला मंजुरीचं ई-मेल आलं. ९,८४,००० पैकी ६,५०,०००. कापलं गेलं ते निवाऱ्याच्या खोलीचं, ज्याला घरी घेत नाहीत त्याच्यासाठी दोन महिने राहायची सोय. सुरक्षिततेची जबाबदारी कुणाची, या मुद्द्यावर ती अडली. मला ते फार लागलं. गेटवर येणाऱ्या काहींच्या हातात पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर दार उघडत नाही. पुढच्या वर्षी ती खोली पुन्हा मागणार आहोत, तोवर मालक आणि पोलीस ठाण्याशी आधी लेखी बोलून ठेवणार आहोत.

मिळालेल्यात काय काय आहे: एक समाजकार्यकर्ती, महिना वीस हजार. गेटवर थांबणारा एक जण, अर्धवेळ, महिना नऊ हजार, तो स्वतः आतून आलेला आहे. साठ जणांचा पहिला आठवडा, दीड लाख. बारा जणांना अवजारं आणि शिक्षण, शहाण्णव हजार. प्रवास-कागदपत्रं छत्तीस हजार, ऑडिट वीस हजार. गेटवरच्या माणसाच्या पगारावर समितीने दोनदा विचारलं, आम्ही दोनदा तेच उत्तर दिलं: "जाऊ?" असं विचारणाऱ्याला रस्ता ओलांडून देणं आम्हा कुणाहीपेक्षा त्याला चांगलं जमतं.

१ जुलैला पाचशेच्या स्टँपवर करार झाला. सही करण्याआधी तो तिघांनी वेगवेगळा वाचावा. आमच्या मसुद्यात "संस्था लाभार्थ्यांची छायाचित्रे व यशोगाथा प्रसिद्धीसाठी देईल" असं छापील कलम होतं, सगळ्यांनाच देतात तसं. आम्ही ते काढायला सांगितलं, त्या जागी "लेखी संमती असेल तेव्हाच, आणि नकाराचा मदतीवर परिणाम होणार नाही" असं घातलं. चार दिवस लागले, पण काढलं. विचारलं तर बदलतात. न विचारता सही केली असती तर वर्षभर ते कलम मानेवर राहिलं असतं.

त्यांच्या अटीप्रमाणे या पैशांसाठी वेगळं खातं उघडलं. १४ जुलैला साठ टक्के, म्हणजे ३,९०,००० जमा झाले. उरलेले २,६०,००० सहा महिन्यांचा अहवाल आणि सीएचं खर्च प्रमाणपत्र दिल्यावर मिळतील. दर शनिवारी मी, गुरुजी आणि कार्यकर्ती बसून आठवड्याची व्हाऊचर लावतो. महिनाअखेरीला ठेवलं की एक तरी हरवतंच.

सुटून आलेल्याला आम्ही जी संमतीची चिठ्ठी वाचून दाखवतो, तिचा मजकूर जसाच्या तसा देते. तीन वेळा बदलून इथवर आला आहे. शेवटची दोन वाक्यं मावशींची आहेत, आणि ती आधी वाचायची असा त्यांचा आग्रह असतो, पण कागदावर ती खाली आहेत:

"आम्ही तुम्हाला मदत करतो त्याचे पैसे दुसरी एक संस्था देते. तिला आम्ही तुमचा फक्त क्रमांक आणि खर्च कळवू. तुमचं नाव, गाव, केस कळवणार नाही. त्यांचं कुणी भेटायला आलं तर तुम्हाला आधी विचारू. तुम्ही हो म्हणालात आणि नंतर नको वाटलं, तर नको म्हणा. नाही म्हटलं तरी मदत मिळेल. आता जायचं असेल तर जा, कुणाला विचारायला नको."